कलम २१४ (ब) महोदयांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय कलम २१४ (ब),
मुक्काम स्थलांतर व नागरिकत्व कायदा, सन १९५२,
अमेरिकेची संयुक्त संस्थाने.

विषय : शिकायला गेलेल्या मुलांना भेटून आई-वडील परत येतात, याबाबत.

महोदय,

माननीय कलम २१४ (ब) यांची ओळख मराठी घरांना नावाने नसली तरी कृतीने चांगलीच आहे. अमेरिकेत तात्पुरता येऊ पाहणारा परदेशी माणूस मुळात कायमचा राहण्यासाठीच येत आहे असे गृहीत धरावे, आणि तसे नसल्याचे त्याने व्हिसा देणाऱ्या अधिकाऱ्याचे समाधान होईल अशा रीतीने दाखवून द्यावे, असा या कलमाचा आशय आहे. फौजदारी खटल्यातला आरोपी गुन्हा शाबित होईपर्यंत निर्दोष मानला जातो. कऱ्हाडहून लेकीला भेटायला निघालेल्या निवृत्त मुख्याध्यापिकेला मात्र ही सवलत नाही, कारण तिच्या हेतूविषयीचा निकाल अर्ज भरण्याआधीच लागलेला असतो आणि तो फिरवून घेण्याची जबाबदारी तिची असते. त्यातही महोदयांची न्यायबुद्धी इतकी सूक्ष्म आहे, की संगणक कंपन्यांच्या नोकरीवर जाणाऱ्यांच्या एच-१बी या वर्गाला, ज्यातले अनेक जण पुढे ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे राहतात, या संशयातून कायद्यानेच वगळलेले आहे. ज्याला राहावेसे वाटण्याची शक्यता आहे त्याला विचारायचे नाही आणि पंधराव्या दिवशी दूधवाल्याच्या हिशेबाची काळजी करू लागणाऱ्याकडे परतीचा पुरावा मागायचा, ही योजना सामान्य बुद्धीला सुचणारी नव्हे.

हा प्रश्न मूठभर घरांपुरता राहिलेला नाही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि २००९ नंतर प्रथमच त्यांची संख्या चिनी विद्यार्थ्यांहून अधिक झाली होती. मुलांनीच सुट्टीत घरी यावे हा उपाय सोपा वाटतो, परंतु त्यात एक कायदेशीर मेख आहे. एफ-१ हा विद्यार्थी-व्हिसा म्हणजे पासपोर्टवर चिकटवलेला, देशाच्या दारापर्यंत जाण्याचा परवाना. शिक्षण चालू असेपर्यंत आत राहण्याचा हक्क त्याहून वेगळा असतो, त्यामुळे परवान्याची मुदत संपली तरी विद्यार्थी तेथे रीतसर राहू शकतो, पण एकदा बाहेर पडला की परत जाण्यासाठी बहुधा नवा परवाना लागतो आणि तो वेळेत मिळेल याची हमी कोणी देत नाही. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस विद्यार्थ्यांना मुलाखतीच्या नव्या वेळा देणेच काही आठवडे थांबवण्यात आले, तेव्हा दिवाळीला घरी येण्याचे बेत किती घरांत रद्द झाले असतील याची कल्पना करता येते. म्हणून मूल येत नाही आणि आई-वडील निघतात. बहुतेकदा मे महिन्यात, कारण तेथील पदवीदान समारंभ प्रामुख्याने त्या सुमारास होतात.

विद्यार्थ्याच्या कुटुंबासाठी एफ-२ नावाचा वर्ग आहे, परंतु त्यात पती किंवा पत्नी आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले एवढेच बसतात. ज्यांच्या भविष्य निर्वाह निधीवर ते शिक्षण चालते ते आई-वडील कायद्याच्या या कुटुंबात नाहीत; त्यांनी नायगारा पाहायला निघालेल्या प्रवाशांबरोबर बी-२ या पर्यटकांच्या वर्गातून यावे, असे ठरलेले आहे.

येथे महोदयांच्या तर्कशक्तीचे खरे दर्शन घडते. विद्यार्थी-व्हिसाच्या अर्जालाही हेच कलम लागू असते, आणि मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात खिडकीपुढे उभ्या राहिलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला आपण परत येऊ असे अधिकाऱ्याला पटवावे लागते. परतीच्या या हमीला ‘मायदेशाशी असलेले बंध’ म्हणतात: तेथील घर, नोकरी, मालमत्ता आणि नातेवाईक, म्हणजे माणसाला परत ओढून आणणाऱ्या गोष्टी. बावीस वर्षांच्या मुलाकडे नोकरी नसते आणि मालमत्ताही नसते. असतात ते आई-वडील. ते भारतात आहेत म्हणून मुलगा परतेल, असे मानून व्हिसा दिला जातो. दोन वर्षांनी तेच आई-वडील त्याच इमारतीत येतात, तेव्हा त्यांचा मुलगा अमेरिकेत आहे ही गोष्ट ते परतणार नाहीत या शंकेचे कारण ठरू शकते. म्हणजे आई-मुलाचे एकच नाते मुलाच्या अर्जात जामीन असते आणि आईच्या अर्जात संशयित असते. एकाच पुराव्यावरून दोन विरुद्ध निष्कर्ष काढण्याची ही पद्धत न्यायशास्त्राच्या अभ्यासकांनी लक्षपूर्वक पाहावी अशी आहे.

पैशाच्या बाबतीतही हीच शैली दिसते. विद्यापीठाकडून आय-२० हे प्रवेशाचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी पहिल्या वर्षाचा खर्च भागेल एवढी शिल्लक दाखवावी लागते. ती वडिलांच्या खात्यात असते, किंवा राहते घर तारण ठेवून काढलेल्या शैक्षणिक कर्जातून दाखवली जाते. पुढे भेटीच्या व्हिसासाठी वडिलांनी खात्यातली शिल्लक आणि घराची कागदपत्रे दाखवावीत, तर शिल्लक विद्यापीठाने घेतलेली असते आणि कागदपत्रे बँकेत असतात.

तथापि कागदपत्रांची फारशी चिंता करू नये, कारण ती पाहिली जातीलच असे नाही. मराठी माणूस सरकारी कचेरीच्या अनुभवातून घडलेला असल्यामुळे सातबारा उतारा, पेन्शनचा आदेश, मुदत ठेवींच्या पावत्या, गृहनिर्माण संस्थेचे भागपत्र आणि मुलाच्या गुणपत्रिका यांची जाड फाइल घेऊन तो येतो; मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपते आणि फाइल पुष्कळदा जशी गेली तशी परत येते. मुलाने पाठवलेल्या निमंत्रणपत्राची गतही वेगळी नाही. अर्जदाराची पात्रता त्याच्या मायदेशातील बंधांवर ठरते, अमेरिकेतील आप्तेष्टांनी दिलेल्या हमीवर नव्हे, असे तेथील परराष्ट्र खात्याने स्पष्टच लिहून ठेवले आहे. जर्मनीत यजमानाने स्थानिक कचेरीत जाऊन पाहुण्याच्या खर्चाचे कायदेशीर बंधपत्र करून दिले तर ते ग्राह्य धरले जाते; अमेरिकेत यजमानाचा शब्द हे केवळ एक गोड पत्र असते. तरीही ते पाठवावे, कारण समारंभाची तारीख, राहण्याचा पत्ता आणि परतीचा दिवस आई-वडिलांना तोंडपाठ होण्यास त्याचा उपयोग होतो.

डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज म्हणजे महोदयांच्या दरबाराची देवडी होय, आणि तेथे थोडे थांबले पाहिजे. वीस मिनिटे काही हालचाल झाली नाही तर हा अर्ज आपोआप बंद पडतो, आणि साठीच्या पुढच्या माणसाला जुना पासपोर्ट कपाटातून शोधून आणायला साधारण तेवढाच वेळ लागतो. अर्जदार एखाद्या टोळीचा वा जमातीचा सदस्य आहे काय, त्याला बंदुका, स्फोटके किंवा अण्वस्त्रांचे विशेष प्रशिक्षण आहे काय, तो अमेरिकेत हेरगिरी करण्याच्या विचारात आहे काय, असे प्रश्न सातारा जिल्ह्यातल्या आजीलाही त्याच गांभीर्याने विचारले जातात; हेरगिरीसाठी निघालेला माणूस येथे प्रामाणिकपणे ‘होय’ लिहील, असा विश्वास त्यामागे असावा. ज्या कलमाचा माणसाच्या परतीच्या शब्दावर विश्वास नाही, त्याच्या दरबारात या एका उत्तरावर एवढा भरवसा ठेवला जावा, हे उदार मनाचे लक्षण आहे.

खरा घोळ नावाचा होतो. मराठी स्त्रीचे माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यावर असते, सासरी काही घरांत पहिले नावही बदलले जाते, पासपोर्टवर पतीचे नाव मधल्या जागी बसते, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव यांपैकी तिसऱ्याच प्रकारे लिहिलेले आढळते. पूर्वी वापरलेली सर्व नावे द्या असे अर्ज सांगतो, तेव्हा साठ वर्षांचा कौटुंबिक इतिहास एका चौकटीत भरावा लागतो. हे काम मुलानेच व्हिडिओ कॉलवर बसून करावे, कारण एजंट ते घाईत करतात. आणि मूल अमेरिकेत असल्याचे लपवा असा सल्ला देणाऱ्या एजंटाची पायरी तर चढूच नये. जवळचे नातेवाईक अमेरिकेत आहेत काय असा स्पष्ट प्रश्न अर्जात आहे, आणि महत्त्वाची माहिती खोटी दिल्याचे ठरले तर त्या माणसाला अमेरिकेचे दार आयुष्यभरासाठी बंद होऊ शकते. साधा नकार त्यापेक्षा पुष्कळ बरा.

साध्या नकाराचेही स्वरूप समजून घ्यावे. छापील कागदावर २१४ (ब) असा उल्लेख असतो; त्यावर अपील नसते; पुन्हा अर्ज करता येतो, मात्र १८५ डॉलरचे शुल्क पुन्हा भरून. अशा निर्णयांत न्यायालयेही सहसा हात घालत नाहीत. २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात असे ठरवले, की परदेशी जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत घटनात्मक हक्क अमेरिकी नागरिकालाही नाही. जेथे नागरिकाच्या संसाराची ही स्थिती, तेथे परदेशी विद्यार्थ्याच्या आईने घटनेचा आधार शोधू नये. वेळेबाबतही गाफील राहू नये. २०२२ च्या अखेरीस मुंबईत पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या पर्यटकाला मुलाखतीसाठी दोन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागेल असे दाखवले जात होते, म्हणजे मुलाने पदव्युत्तर शिक्षणासाठी विमानात पाय ठेवला त्या दिवशी अर्ज केला असता तरी समारंभ हुकला असता. तातडीची मुलाखत मागता येते, पण पदवीदान समारंभ आणि लग्न ही तातडीची कारणे मानली जात नाहीत. ऐंशी वर्षांच्या आजोबांना पूर्वी मुलाखतीतून सूट मिळत असे. सप्टेंबर २०२५ पासून तीही गेली.

व्हिसा मिळाल्यानंतरही महोदयांच्या भाऊबंदांची भेट व्हायची असते. विमानतळावरचा अधिकारी किती दिवस राहता येईल ते ठरवतो आणि त्याची नोंद आय-९४ या अभिलेखात होते. पर्यटकांना साधारणपणे सहा महिने मिळतात, आणि व्हिसावर दहा वर्षे लिहिली आहेत म्हणून दहा वर्षे राहता येत नाही. पिशवीतला हापूस मात्र तेथेच अडतो. हापूसही मुळात कीड घेऊनच येतो असे गृहीत धरलेले आहे, फक्त त्याला सुटकेचा मार्ग आहे: लासलगाव किंवा वाशी येथील केंद्रात विकिरण, म्हणजे गॅमा किरणांसारख्या किरणांचा ठराविक मारा, करून घेतला की २००७ पासून तो अमेरिकेत विकता येतो. मे २०२५ मध्ये असे विकिरण झालेल्या आंब्यांच्या काही खेपा कागदपत्रांतल्या त्रुटींमुळे अमेरिकी विमानतळांवर नाकारल्या गेल्या, हे खरे. पण आई-वडिलांच्या हेतूतली कीड मारून देणारे केंद्र वाशीतही नाही.

सबब माननीय कलम २१४ (ब) यांना नम्र विनंती आहे, की विद्यार्थ्याचा व्हिसा मंजूर करताना त्याचे आई-वडील भारतात असल्याची बाब ज्या समाधानाने विचारात घेतली जाते, त्याच समाधानाची एक प्रत त्या आई-वडिलांच्या पुढील अर्जास जोडावी, आणि एकाच घरातल्या दोन अर्जांवर दोन निराळे तर्क चालवू नयेत. ही विनंती मान्य होईपर्यंत पालकांनी समारंभाची तारीख कळण्याची वाट न पाहता अर्ज करावा, उत्तरे थोडक्यात आणि खरी द्यावीत, विमा येथूनच घेताना आधीपासूनच्या आजारांचे कलम वाचावे, आणि व्हिसा हाती येईपर्यंत विमानाचे तिकीट काढू नये.

कळावे.