न्यूयॉर्कला काकू सापडल्या

दलाली करणारे पुष्कळ असतात. 'आम्ही दलाल नव्हेच' असा दाखला न्यायालयातून आणणारे विरळा. पर्यटकांना लोकांची घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने तो आणला. परवान्याविना दलाली चालल्याची तक्रार फ्रान्समध्ये झाली, तेव्हा युरोपच्या न्यायालयाने २०१९ साली निर्वाळा दिला की ही कंपनी म्हणजे घरांची दलाल नव्हे, माहितीची सेवा आहे. प्रश्नच मिटला. घर मालकाचं, सुट्टी पाहुण्याची, रात्री दोनला जिन्यात बॅगा आपटल्या की झोपमोड शेजाऱ्याची, आणि कमिशन तेवढं माहितीचं.

ही माहिती आता गावोगावच्या महापौरांना झोंबू लागली आहे. बार्सिलोनाच्या जाउमे कोल्बोनी यांनी २०२४ मध्ये जाहीर केलं, की शहरातल्या १०,१०१ पर्यटक-सदनिकांपैकी एकीचाही परवाना नोव्हेंबर २०२८ नंतर राहणार नाही. दहा वर्षांत भाडी ६८ टक्क्यांनी चढली, हे कारण. पुढच्याच महिन्यात तिथल्या मोर्चेकऱ्यांनी पर्यटकांवर पिचकाऱ्या मारल्या. बिचाऱ्यांना वाटलं असेल, रंगपंचमी पॅकेजमध्येच आहे. पॅरिसने राहतं घर भाड्याने देण्याची मुभा वर्षाला १२० दिवसांवरून ९० वर आणली. ॲमस्टरडॅमने तर ती २०१९ सालीच ३० रात्रींवर आणली होती.

पण खरी कमाल न्यूयॉर्कची. सप्टेंबर २०२३ पासून तिथे नियमांचा कडक अंमल सुरू झाला. मुक्काम तीस दिवसांहून कमी असेल तर यजमानाने त्याच घरात हजर राहायचं, पाहुणे दोनच ठेवायचे, आतल्या खोल्यांना कुलपं लावायची नाहीत, आणि पालिकेत नोंदणी करायची. आम्ही वाचून थक्क झालो. हे तर सदाशिव पेठेतल्या काकूंच्या पेइंग गेस्टचे नियम! गिझर, रात्री दहाची वेळ आणि 'आमच्याकडे अंडं चालत नाही' एवढी तीन कलमं घातली की कायदा पूर्ण होईल. फरक एकच. न्यूयॉर्कचा पाहुणा घरभर वावरू शकतो. त्यात फ्रीज धरायचा का, यावर काकूंनी जोरदार हरकत नोंदवली असती.

गंमत अशी, की कंपनीचा जन्मच या पद्धतीतून झाला. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत भाडं भागेना म्हणून दोन तरुणांनी स्वतःच्याच घरात हवेच्या गाद्या अंथरल्या आणि पाहुण्यांना न्याहारीही दिली. यजमान घरात, पाहुणे मोजके. न्यूयॉर्कने सांगितलं, तोच धंदा करा. त्यावर कंपनी संतापून कोर्टात गेली आणि हरली. २०२० साली ६८ डॉलरला विकायला काढलेला शेअर बाजारात १४६ वर उघडला, तो काही हवेच्या गादीच्या भरवशावर नव्हे.

या गोंधळात हॉटेलवाल्यांना सामान्य भाडेकरूचा जो उमाळा आला आहे, तो पाहून गहिवरायला होतं. शहरातली घरं राहणाऱ्यांसाठीच हवीत, असं अमेरिकेतली हॉटेल-लॉबी वर्षानुवर्षं तळमळून सांगते. आणि मॅरियटने २०१९ पासून घरं भाड्याने द्यायला घेतली, तीही बहुधा तळमळीतूनच. अंमल सुरू झाल्यावर न्यूयॉर्कच्या हॉटेलांचे दर चढले. घरभाडी मात्र खाली आली नाहीत. कंपनी हे आकडे उत्साहाने दाखवते, कारण तीही भाडेकरूच्याच बाजूची. पालिका तर निवडणूक असली की जास्तच.

असा हा खटला. वादी भाडेकरूसाठी लढतोय, प्रतिवादी भाडेकरूसाठी लढतोय, दोघांच्या वकिलांची फीही भाडेकरूच्याच भल्यासाठी वाढते आहे. आता त्याचीच साक्ष काढावी, असं कोणा न्यायाधीशाच्या मनात आलं तरी उपयोग नाही. समन्स पाठवायला कायमचा पत्ता लागतो.