मु. पो. लोणार

लोणारला जायचं ठरलं तेव्हा सरोवराबद्दल घरात कोणी चकार शब्द काढला नाही. चर्चा रंगली ती रात्री झोपायचं कुठे, यावर.

सरोवराचं एक बरं आहे, ते जागच्या जागी असतं. काळ्या कातळात उल्का आदळून झालेला, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा. तो आपल्यासाठी थांबेल. घोळ आहे तो त्याच्या वयाचा. एका पद्धतीने मोजलं की ५२,००० वर्षं भरतं, दुसऱ्या पद्धतीने ५,७०,०००. पाच लाख वर्षांचा हा फरक शास्त्रज्ञ दोन ओळींत मांडून पुढे जातात. आमच्याकडे मात्र खोली सकाळी नऊला सोडायची की दुपारी बाराला, या तीन तासांपायी दोघांचाही चहा निवला.

बायकोची अट एकच होती, खिडकीतून पाणी दिसलं पाहिजे. माझीही एकच, नळातून गरम पाणी आलं पाहिजे. म्हणजे दोघांना हवं होतं पाणीच, पण अशा एकमतावर संसार चालतो, खोली मिळत नाही.

तसे पर्याय पुष्कळ निघाले. सरोवराच्या काठाशी पर्यटन महामंडळाचं निवास आहे. तिथे आम्ही फोन केला तो जोडून आलेल्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, तेव्हा खोल्या भरलेल्या असल्या तर चूक आमचीच. वेरूळ-अजिंठ्याला आलेली मंडळी संभाजीनगरला सामान टाकून लोणार एका दिवसात ‘करून’ येतात. पण ‘करून येणं’ हे क्रियापद मला दाढीसाठी किंवा बँकेच्या कामासाठी ठीक वाटतं. मेहकर तासाभराच्या आत. सिंदखेड राजाही फार लांब नाही, मात्र १२ जानेवारीच्या आगेमागे तिकडे जिजाऊंच्या जन्मस्थळी लोटणारी गर्दी पाहता तेव्हा खोली शोधायला जाऊ नये, दर्शनाला जावं. आणि समृद्धी महामार्ग झाल्यापासून तर आमचे काही मित्र मुक्काम या शब्दालाच हसतात. ते सकाळी नागपुरातून निघतात, खड्ड्यात डोकावतात आणि रात्री घरच्या उशीवर डोकं टेकतात. पन्नास हजार वर्षांच्या वस्तूला त्यांनी पंचेचाळीस मिनिटं दिलेली असतात, त्यातही वीस मिनिटं फोटोंची.

सासूबाईंचं मत पडलं शेगावला. बुलढाणा जिल्ह्यात रात्र काढायची आणि गजानन महाराजांच्या भक्तनिवासात काढायची नाही, हे त्यांच्या हिशेबात बसेना. शेगावचं भक्तनिवास हा आपल्याकडच्या मुक्कामाचा मानदंडच होऊन बसला आहे. घरात कुठे फरशी निसरडी दिसली तरी “शेगावला बघा कसं लख्ख असतं” हे वाक्य येतं. ते खोटं नाही, म्हणून जास्त बोचतं. पण शेगाव ते लोणार मोटारीने जवळजवळ तीन तास. शेगावला झोपून लोणारचा सूर्योदय बघायचा तर झोपायचंच नाही, असं ठरवावं लागतं.

आणि शेगावपासून हाकेच्या अंतरावर खामगाव, तिथे माझी आत्या.

ज्यांचे नातेवाईक प्रेक्षणीय स्थळांच्या आसपास राहतात त्यांनाच हे दुःख कळेल. ताजमहाल बघायला जाणाऱ्या माणसाची आग्र्यात आत्या नसते, म्हणून तो सुखाने हॉटेल शोधतो. आमचा फोन तिला गेला नव्हता, तरी तिचा आला.

“काहून रे, खामगावले घर नाही काय आपलं?”

“आत्या, तिथून लोणार शंभर किलोमीटर पडतं.”

“मंग? सकाळी निघा, पाहा, रातच्याला जेवाले घरी या.”

“पण आम्हाला पहाटेचं बघायचं आहे.”

“पहाटे काय येगळं पाणी असते काय त्याच्यात?”

याला उत्तर नव्हतं. तेव्हा मी जे करतो तेच केलं, खोटं बोललो. मेहकरला एका मित्राकडे उतरतोय, असं सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग, “बरं आहे बाप्पा. मित्राकडे गादी असते, आत्याकडे नसते,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

या सगळ्या वादावादीत मला धीर दिला तो महानुभाव पंथाच्या स्थानपोथीने. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी महाराष्ट्रभर हिंडले. लोणारलाही त्यांचा मुक्काम होता आणि यादव राजा कान्हरदेवाशी त्यांची भेट इथेच झाल्याचं लीळाचरित्र सांगतं. स्वामी गेल्यावर त्यांच्या माणसांनी काय जपलं? ते कुठे बसले, कुठे जेवले, कुठे निजले, ती जागा. चौदाव्या शतकातली स्थानपोथी म्हणजे या जागांची नोंदवहीच. बसले ते आसन, एक रात्र राहिले ती वसती, बरेच दिवस राहिले ते अवस्थान. देऊळ कोणत्या दिशेला, दार कुठल्या तोंडाचं, कोणत्या कोपऱ्यात टेकले, सगळं टिपलेलं. इतकंच काय, देहधर्म उरकण्याच्या जागांनाही तिथे ‘परिश्रय’ असा शालीन शब्द आहे आणि त्यांचीही नोंद आहे. हे वाचल्यावर खोली ठरवताना “बाथरूम आतच आहे ना?” असं विचारणाऱ्या बायकोला मी हसणं सोडलं. प्रश्नाला सहाशे वर्षांची परंपरा आहे. ही पोथी संपादून छापणारे डॉ. वि. भि. कोलतेही याच जिल्ह्यातले, नरवेलचे. बुलढाण्याच्या माणसाला मुक्कामाचं महत्त्व कोणी समजावून सांगायला नको.

अर्थात खुद्द स्वामींचा उपदेश होता झाडाखाली राहण्याचा. तो पर्याय मी घरात सुचवला नाही.

अखेर गावातला एक लॉज मिळाला. नाव सांगत नाही, त्याने आमचं काही वाईट केलं नाही. काउंटरवरच्या गृहस्थांना बायकोने आधीच विचारलं, “खिडकीतून पाणी दिसतं का?” ते म्हणाले, “दिसते ना.” मी विचारलं, “गरम पाणी?” ते म्हणाले, “सहा ते सात.” मग त्यांनी ती लांबलचक वही पुढे सरकवली. नाव, वय, कुठून आलात, कशासाठी, पुढे कुठे जाणार. ‘कशासाठी’पुढे मी ‘सरोवर’ लिहिलं, ‘पुढे कुठे’समोर ‘खामगाव’. इथे मी चुकलो. वऱ्हाडात चौकशी गावाच्या नावापाशी थांबत नाही.

“खामगावात कोणाकडे?”

“आत्याकडे.”

“कोणत्या भागात?”

सांगितलं. चांदीच्या बाजारामागची गल्ली, आत्याचं आडनाव, यजमान शाळेत मास्तर होते, इथवर सांगून झालं. त्यांनी मान हलवली आणि किल्ली दिली.

खिडकी उघडली. पाणी दिसलं. समोरच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी होती, आणि ती भरून वाहत होती.

पलंगावर मात्र लोणारच होतं. गादीच्या मधोमध एक गोल, प्रशस्त खड्डा, आणि भोवती कापूस सरकून उंचावलेली कड. विवराची कडही अशीच आसपासच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच आहे, आदळण्याने उसळलेला खडक कडेला साचून राहिला म्हणून. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली. त्यानंतरही हा ज्वालामुखीचा खड्डा की उल्केचा, यावर दीडशे वर्षं वाद चालला. उल्केच्या बाजूने निकाल लागला तो १९७०च्या दशकात, धक्क्याने बदललेले खनिजांचे कण सापडले तेव्हा. आलेला पाहुणा मात्र आख्खा असा हाती लागलाच नाही. वितळून, वाफ होऊन गेला. आमच्या गादीचंही तेच. आजवर किती पाहुणे तिच्यावर आदळले कोण जाणे, सगळे गेले, खड्डा उरला. रात्रभर आम्ही दोघं दोन कडांवरून घरंगळत तळाशी भेटत होतो. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर इतकी जवळीक कोणत्याही ‘लेक व्ह्यू’ खोलीत झाली नसती.

झोप लागली नाही याचा एक फायदा झाला. साडेपाचलाच बाहेर पडलो आणि चालत कडेवर जाऊन उभे राहिलो.

खाली अजून काही नव्हतं. नुसता काळोख, ताटात वाढल्यासारखा. मग मोरांचा आवाज सुरू झाला, एका कडेवरून हाक, समोरच्या कडेवरून ओ. खड्ड्याचा आकार डोळ्यांना कळायच्या आधी कानांना कळला. हळूहळू झाडीचं कडं वेगळं झालं आणि पाणी दिसायला लागलं. आधी पाटीसारखं, मग राखी, मग उन्हाची पहिली तिरीप आत पडल्यावर शेवाळी हिरवं. खालून त्याचा तो खारट, कुजकट दर्प आला. या पाण्यात मीठ आहे, सोडा आहे. अबुल फजलच्या ऐन-इ-अकबरीत या भागातल्या काच आणि साबणाच्या कच्च्या मालाचा उल्लेख येतो, तो काही उगीच नाही. २०२० च्या जूनमध्ये तर हे पाणी चक्क गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संस्थेत नमुने गेले, आणि दोष निघाला खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा. त्याच वर्षी लोणार पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. आत्याला सांगायला हवं होतं की पहाटेचं पाणी खरोखरच वेगळं असतं. पण ते सांगायचं तर मेहकरच्या मित्राचं काय करायचं, हा प्रश्न होता.

बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, खोलीतून दिसलं असतं तर आपण पांघरुणातूनच बघितलं असतं, नाही?” आणि परत जाताना तिने त्या काळ्या टाकीला मनोमन माफ केलं असावं.

गोमुखाची धार, कमळजा देवी, गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ, छतावर कोरलेल्या पुराणकथा पाहून दुखणाऱ्या माना, हे सगळं आंघोळीनंतर करायचं ठरलं होतं. आंघोळ मात्र थंडच होणार होती. खोलीवर पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते आणि गरम पाण्याचा तास सातलाच संपला होता.

तर दारात वाफाळलेली बादली, आणि शेजारी फडक्याने हात पुसत काउंटरवरचे गृहस्थ.

“हे काय? सहा ते सातच ना?”

“आमच्या मंडळीचं माहेर खामगावचं,” ते म्हणाले. “तुमच्या आत्याबाईंच्या मागच्याच गल्लीतलं. रात्री फोन केला होता तिनं. त्या म्हणे, पोराले थंडं पाणी सोसत नाही लहानपणापासून.”

मी बादली उचलून आत नेली. दार लावणार, तोच ते मागून म्हणाले, “अन् विचारून राह्यल्या होत्या, तो मेहकरचा मित्र बरा आहे काय?”