अंगण पाहावे मराकेशला

रियाधचा महिमा आमच्या विदर्भातल्या सुखवस्तू मंडळींना उशिरा का होईना उमगला, याबद्दल त्यांचे जाहीर अभिनंदन. मोरोक्कोतल्या मराकेशचे जुने शहर १९८५ पासून जागतिक वारसा आहे. तिथे रियाध म्हणजे रस्त्याकडे पाठ फिरवलेले घर, मधोमध अंगण, अंगणात संत्र्याचे झाड आणि साबण लावून दगडाने घोटलेल्या चुन्याच्या भिंती. संत्र्याचे झाड पाहायला नागपूरकराने आफ्रिका गाठावी, यालाच जागतिक दृष्टी म्हणतात.

आमच्याच विदर्भातल्या मुलचेऱ्यात हे फुकट मिळते, म्हणून तो तालुका मागास. मातीच्या भिंती, कवेलूचे छप्पर, शेणाने सारवलेल्या अंगणात वाळणारी मोहफुले. शासनाने त्यावर उपाय काढला आहे: घरकुल, किमान २५ चौरस मीटर, स्वयंपाकाच्या जागेसह. अंगण या हिशेबात बसत नाही, हे योग्यच. बांधकामाच्या टप्प्याटप्प्याला अक्षांश-रेखांशासह फोटोही निघतो.

आमची नम्र सूचना आहे की उरलीसुरली अंगणे सोलून मराकेशला निर्यात करावीत. आपलेच पर्यटक ती तिथे युरोच्या दराने वापरतील. सारवणाऱ्या बायांना ‘भित्तिलेपतज्ज्ञ’ म्हणून पासपोर्ट द्यावा.

अडचण एकच. मे महिन्यात काही लाभार्थी स्लॅबखाली धानाची पोती ठेवतात आणि स्वतः बाहेर बाज टाकून झोपतात. ही सरळसरळ विनापरवाना पर्यटनसेवा आहे. दर बाजेमागे मराकेशच्या दराने भाडे वसूल व्हावे. अक्षांश-रेखांश शासनाकडे आहेतच.