आगाऊ जेवणाचे लाभार्थी

ऊस कारखान्याला गेला की चौदा दिवसांत त्याचे पैसे शेतकऱ्याला मिळावेत, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत हा आदेश पोरासोरांना पाठ आहे, आणि चौदा दिवस मोजत बसायची सवय मात्र कुणाला राहिलेली नाही. मध्यंतरी 2022 मध्ये एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, दोन हप्त्यांत द्यायची मुभा शासनानं दिली, ती 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केली. तर असा हा आपला माणूस. दीड वर्ष राखलेल्या आडसाली उसाचे पैसे कधी जमा होतील, ते त्याला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी सव्वाचार वाजता आपल्या बायकापोरांनी जो समोसा खायचा आहे, त्याचे पैसे त्यानं मार्चमध्येच भरून टाकलेले असतात.

याला फूड पॅकेज म्हणतात. मोठमोठ्या मनोरंजन उद्यानांत तिकिटाबरोबर ते मिळतं. सकाळचा नाश्ता, दुपारची थाळी, संध्याकाळचा चहा आणि काहीतरी तळलेलं. एवढे जादा भरा आणि दिवसभर खाण्यापिण्याची चिंता सोडा, असं पत्रकावर छापलेलं असतं. खाण्याची चिंता सोडण्यासाठी पैसे भरलेला माणूस त्या दिवशी दुसरी कसलीही चिंता करत नाही, हे मी जवळून पाहिलं आहे.

आमची आक्का साताऱ्यात दिली आहे. दाजी एका पतसंस्थेत वसुलीला होते, आता निवृत्त आहेत. म्हणजे संस्थेनं त्यांना निवृत्त केलं; वसुलीनं अजून सोडलेलं नाही. दोन्ही घरांनी मिळून पोरांना पाळण्यांच्या उद्यानात न्यायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांचं फूड पॅकेज दाजींनीच काढलं. उद्यानाचं नाव विचारू नका. त्या उद्यानाची चूक काहीच नव्हती आणि नियम सगळीकडं साधारण सारखेच असतात.

पहिला अडथळा फाटकावर. आमच्या आईनं सांगलीहून पिशवीत ज्वारीच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग घेतलं होतं. आक्काकडून कंदी पेढ्यांचा पुडा आला होता. रबरी मोजे घातलेल्या पोरानं पिशवीत हात घालून एकेक जिन्नस वर काढला, पंचनाम्याला मांडतात तसा. म्हणाला, "आजी, बाहेरचं खाणं आत चालत नाही."

"बाहेरचं कुठलं रं? घरचं हाय."

या युक्तिवादाला त्या पोराकडं उत्तर नव्हतं, पण फाटक त्याच्याकडं होतं. पिशवी गाडीत परत गेली. कायदाही त्याच्याच बाजूनं झुकलेला दिसतो. 3 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटगृहांबाबत निकाल दिला, की जागा खासगी आहे, बाहेरचे पदार्थ अडवायचा मालकाला हक्क आहे. पिण्याचं पाणी मात्र फुकट द्या आणि तान्ह्या मुलांचं खाणं अडवू नका. तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी सुनावणीत जिलेबीचं उदाहरण दिलं होतं. प्रेक्षकानं जिलेबी आत नेली आणि चिकट बोटं खुर्चीला पुसली, तर साफसफाईचे पैसे कोण देणार? भडंगाचा तेलकट हात माणूस स्वतःच्या पँटला पुसतो, खुर्चीला नाही, हा मुद्दा मांडायला तिथं सांगलीचा एकही वकील नसावा, याची मला हळहळ वाटते.

दुसरा अडथळा उंचीचा. लहान मुलाचं तिकीट आणि लहान मुलाची थाळी वयावर नसते, भिंतीवर रंगवलेल्या रेघेवर असते. आक्काचा धाकटा रेघेला लागला. दाजींनी त्याच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला आणि पोरगं चार बोटं बुटकं झालं. गुडघे वाकवून, मान आत घेऊन ते लहानांच्या दरात आत शिरलं. अर्ध्या तासानं मोठ्या पाळण्यापुढं दुसरी रेघ आली. तिथं तेवढ्याच उंचीखालच्यांना बसू देत नाहीत. मग तेच पोरगं टाचा उचलून उभं. "ताठ ऱ्हा की जरा," असं दाजीच त्याला ओरडत होते.

आता वेळापत्रक. नाश्ता दहा ते अकरा, थाळी साडेबारा ते अडीच, चहा चार ते पाच. ही वेळ चुकली की हक्क गेला. पाळण्याच्या रांगा मात्र घड्याळ बघत नाहीत. त्यामुळं अकरापर्यंत कुणी कशातच बसलं नाही, कारण नाश्ता होता. अकराला एका रांगेत उभं राहिलो, ती बाराला हलली, साडेबाराला आमच्या पुढं दहाबारा माणसं उरली आणि दाजी म्हणाले, "चला, थाळी सुरू झाली." पोरांनी कळवळून बघितलं. दाजी म्हणाले, पाळणा काय पळून जातोय, थाळी जाईल. वसुलीत आयुष्य घालवलेल्या माणसाशी मुदतीवर वाद घालू नये.

थाळीचा हॉल लग्नाच्या कार्यालयाएवढा. मनगटावरची कागदी पट्टी पोरगी यंत्रापुढं धरते, यंत्र टुंक करतं, आणि पुढं ताट सरकतं. भात, डाळ, पनीर, कोबी, तवा रोटी हे सगळं अमर्याद. गुलाबजाम मात्र मर्यादित, प्रत्येकी एक. तो वाढायला वेगळा माणूस उभा आणि त्याच्या हातात चिमटा. अमर्याद आणि मर्यादित यांच्यातली सीमा कोणत्या पदार्थावर आखायची, हे ज्यानं ठरवलं तो मोठा अर्थशास्त्री असला पाहिजे. कोबी अमर्याद असल्याचा फायदा आजवर कुणी घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आणि इथं कळलं, की आईचा शनिवार आहे. ती दिवसभर उपास धरते, रात्री मारुतीला जाऊन आली की जेवते. पॅकेजमध्ये साबुदाणा नव्हता. तो पलीकडच्या गाड्यावर रोखीनं मिळत होता. दाजी काउंटरवर गेले. "एक थाळी कमी करून पैसे देता काय?" नाही. "मग मामींची थाळी दुसऱ्याला चालंल काय?" नाही, पट्टी ज्याची, त्यानंच यायचं. दाजी क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "मामी, जरा लायनीत उभ्या ऱ्हावा."

उपास असलेली बाई थाळीच्या रांगेत वीस मिनिटं उभी राहिली. हात पुढं केला, टुंक झालं, ताट घेतलं आणि जावयापुढं आणून ठेवलं. चिमटेवाल्यानं तिच्याही वाटीत एक गुलाबजाम सोडला होता. आपलं ताट संपवून उठलेले दाजी परत बसले आणि त्यांनी सासूच्या वाट्याची डाळ, सासूच्या वाट्याची रोटी, थकबाकी पुढच्या वर्षात ओढायची नाही अशा निर्धारानं संपवली. भूक होती का? मी विचारलं नाही. आई पलीकडच्या गाड्यावरून साबुदाण्याची बशी घेऊन आली. ते पैसे पॅकेजच्या वर गेले.

यानंतर धाकट्यासह दाजी त्या उलट्या-सुलट्या फिरणाऱ्या पाळण्यात बसले. त्याविषयी लिहीत नाही. हे सदर लोक सकाळी चहाबरोबर वाचतात.

परतताना गाडीत दाजींचा हिशेब चालला होता, की सगळं सुटं घेतलं असतं तर किती पडलं असतं आणि आपले किती वाचले. असा हिशेब घरोघरी चालतो आणि तो नेहमी बरोबर येतो, कारण त्यातली दुसरी किंमतही उद्यानवाल्यांनीच ठरवलेली असते. समजा, बाहेर मिळते तशीच थाळी आत दुप्पट दरानं लावली आणि पॅकेजमध्ये दीडपटीला दिली, तर पत्रकावर 25 टक्के बचत छापता येते, आणि ती खोटी नसते. बचत झाली ती त्यांच्या भावातून. आपल्या खिशातून काय झालं, ते पत्रकात नसतं.

शिवाय न खाल्लेल्या जेवणाचंही उत्पन्न आहे. आगाऊ घेतलेले आणि कुणी वापरलेच नाहीत असे पैसे व्यापारात 'ब्रेकेज' म्हणून ओळखले जातात आणि तो नफ्याचा शिरस्त्यातला भाग असतो. भेटकार्डं विकणाऱ्यांना तो ठाऊक आहे, उद्यानवाल्यांनाही. मोबाइलमधल्या पैशांच्या पाकिटाला निदान वर्षभराची मुदत हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण ज्यानं पैसे घेतले त्याच्याच दुकानात चालणारी कूपनं त्या नियमात बसत नाहीत. त्यामुळं वर्षभराची मुदत मोबाइलमधल्या पैशाला, आणि समोशाला चार ते पाच.

ही विद्या अर्थात अमेरिकेची. 1955 साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं, त्याच वर्षी तिथं पाळण्यांच्या कूपनांची पुस्तकं निघाली आणि 1982 पर्यंत चालली. साध्या खेळाला खालचं अक्षर, थरारक खेळाला वरचं. घरोघरी खणात खालच्या अक्षरांची कूपनं उरायची. नंतर एकच तिकीट झालं. मग 2005 मध्ये फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये जेवणाचीच आगाऊ योजना आली. मुक्कामाच्या रात्रींच्या हिशेबानं जेवणं आणि फराळ आधीच विकत घ्यायचे. उरलेले हक्क मुक्काम सोडायच्या दिवशी मध्यरात्री बाद. 2020 च्या साथीत योजना बंद पडली, तेव्हा आता सुटका झाली असं वाटलं होतं. जानेवारी 2024 पासून ती परत सुरू आहे, आणि तीही लोकांनी मागणी केली म्हणून. शेवटच्या दिवशी तिथले कुटुंबवत्सल गृहस्थ उरलेल्या फराळाच्या हक्कातून चॉकलेटच्या पिशव्या भरून विमानतळाकडं पळतात. म्हणजे आमचे दाजी काही मागासलेले नाहीत.

आणि सातारा जिल्ह्यानं तरी नावं कुणाला ठेवावीत? महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांत खोली विचारली, तर आधी प्लॅन विचारतात: एपी, एमएपी की सीपी. एपी म्हणजे तिन्ही वेळचं जेवण खोलीच्या भाड्यात, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, सीपी म्हणजे फक्त नाश्ता. एपीवाला गृहस्थ बाजारात कॉर्न पॅटिसच्या वासानं थबकतो, स्ट्रॉबेरी क्रीमकडं बघतो, घड्याळ बघतो आणि हॉटेलकडं वळतो, कारण साडेआठला जेवण आहे आणि त्याचे पैसे भरलेत. हवा खायला आलेला माणूस हॉलमध्ये बसून सलग तीन दिवस पनीर खातो. हिवाळ्यात शेतावरच्या हुरड्याचीही तीच गत. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं. आता बैलगाडीची फेरी, झोका, हुरडा आणि पिठलं-भाकरी एकाच रकमेत मिळतात. घरी पिठलं दिसलं की ताटावरून उठणारी मंडळी तिथं तिसऱ्यांदा वाढून घेतात. भरलेत ना पैसे!

खरं तर आगाऊ जेवणाची पद्धत आपल्याला नवी नाही. सांगलीत विश्रामबागेला विलिंग्डन आणि वालचंद ही दोन कॉलेजं, एक 1919 चं आणि दुसरं 1947 चं. त्यांच्या जिवावर आसपासच्या खानावळी चालल्या. महिन्याचे पैसे पहिल्या आठवड्यात भरायचे, भिंतीला खिळ्यावर वही टांगलेली. डाळ पातळ असायची, पोळ्या मोजून मिळायच्या, रविवारी फीस्ट आणि त्या रात्री चूल बंद. तक्रारी कमी नव्हत्या. पण त्या वहीत खाडा मांडायची सोय होती. गावाला निघालो, ताप आला, उपास आहे, की आदल्या दिवशी मावशींना सांगायचं. मावशी कानावरची पेन्सिल काढून नावापुढं फुली मारायच्या आणि पुढच्या महिन्यात तेवढे पैसे वळते व्हायचे. फार खाडे केले तर बोलून दाखवायच्या, पण फुली खोडायच्या नाहीत. सातवी पास बाईला जे पेन्सिलीनं जमत होतं, ते मनगटावरच्या पट्टीला, यंत्राला, ॲपला आणि त्यामागच्या सगळ्या इंजिनिअरांना जमत नाही. त्यातले दोनचार त्याच मावशींकडं जेवून इंजिनिअर झाले असतील.

तेव्हा उद्यानांच्या आणि हॉटेलांच्या मालकांना एकच मागणं. पैसे आगाऊ घ्या, त्याबद्दल तक्रार नाही, खाडा धरा. उपासाचा धरा, पाळण्यावरून उतरून जेवणाकडं बघवत नाही अशा पोराचा धरा, आणि रांग संपली नाही म्हणून ज्याचा समोसा बुडाला त्याचाही धरा. वाचकहो, हे होईपर्यंत तुम्ही फक्त प्रवेशाचं तिकीट काढा, घरून पोटभर न्याहारी करून निघा आणि आत भूक लागेल तेव्हा लागेल तेवढंच विकत घ्या. दशम्यांचा डबा गाडीतच असू द्या. पार्किंगमध्ये बसून खायला अजून कुणी मना केलेलं नाही.