नेटकरी संतापले!

२०१६ च्या मे महिन्यात लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने येत होतं. त्याच महिन्यात महाराष्ट्रातले मोबाइल तापले, ते मात्र वेगळ्याच कारणाने. क्रिकेटच्या पश्चिम विभागाचा सोळा वर्षांखालील मुलांचा संघ जाहीर झाला होता. एरवी या संघात कोण आहे हे त्या पोरांचे आईबाप आणि चार-दोन प्रशिक्षक सोडले तर कुणाच्या गावीही नसतं. त्या वर्षी ते अख्ख्या देशाला कळलं. कारण संघात अर्जुन तेंडुलकर होता आणि प्रणव धनावडे नव्हता.

प्रणव म्हणजे कल्याणचा तो मुलगा, ज्याने त्याच जानेवारीत भंडारी करंडकाच्या शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा कुटल्या होत्या. १२९ चौकार, ५९ षटकार. १८९९ साली इंग्लंडमधल्या कॉलिन्स नावाच्या शाळकरी पोराने नाबाद ६२८ केल्या होत्या, तो शतकभराचा विक्रम या पठ्ठ्याने मोडला. वडील रिक्षा चालवायचे. म्हणजे पटकथा आयतीच तयार. एकीकडे वांद्र्याचा बंगला, दुसरीकडे कल्याणची रिक्षा. त्यात बंगल्यातल्या पोराचं नावच अर्जुन. एकलव्य शोधायला असा कितीसा वेळ लागणार?

आता नियम असा, की विभागाचा संघ निवडला जातो तो राज्य संघांकडून खेळलेल्या मुलांमधून. प्रणव त्या मोसमात मुंबईच्या सोळा वर्षांखालील संघात नव्हताच. त्यामुळे त्याचं नाव विचारात येण्याचा प्रश्नच नव्हता. अर्जुनच्या जागी सोम्यागोम्याचा मुलगा असता, तरीही नव्हता. हे कळायला मुंबई क्रिकेट असोसिएशनला एक फोन पुरला असता. शेवटी हे सांगितलं कुणी? प्रणवच्या वडिलांनी! नियम असा आहे, आणि पोरं तर एकमेकांचे मित्र आहेत, असं त्या गृहस्थांनी शांतपणे सांगून टाकलं. ज्या बापाच्या पोरावरच्या अन्यायासाठी देश पेटला होता, त्या बापालाच अन्याय दिसेना. काही देशबांधवांना त्या बापाचाही राग आला असणार.

हा खुलासा छापून आला नाही असं नाही. आला. पण खुलासा पुढे पाठवण्यात मजा नसते. आजही गटागटांतून ते दोन फोटो अधूनमधून उगवतात, डावीकडे अर्जुन, उजवीकडे प्रणव, खाली रडका चेहरा. आणि पुढच्याच वर्षी खेळ मनासारखा होत नाही म्हणून प्रणवच्या वडिलांनी असोसिएशनची महिन्याची शिष्यवृत्ती स्वतःहून थांबवायला सांगितली, तेव्हा या एकलव्यप्रेमींपैकी फारसं कुणी तिकडे फिरकलं नाही. सचोटीवर संतापायचं कसं, हा प्रश्नच असतो.

यात आपल्या प्रसारमाध्यमांनी एक फार सोयीची युक्ती शोधून काढली आहे. पूर्वी बातमीदाराला काही तरी घडलेलं लागायचं. आता कुणीतरी चिडलेलं असलं की भागतं. तीन अनोळखी माणसांची तीन वाक्यं उचलायची, वर मथळा टाकायचा: ‘नेटकरी संतापले!’ झाली बातमी. वाहिनी स्वतः काहीच म्हणत नाही, त्यामुळे चूक निघण्याची भीती नाही. मग तोच मथळा आपण पुरावा म्हणून पुढे पाठवतो, ‘बघा, पेपरातही आलंय.’ त्यावर आणखी तीनशे जण संतापतात आणि संध्याकाळी चर्चेला चार चौकटींत चार माणसं ओरडायला बसतात. आणि हे सगळं बघून झाल्यावर आपला निष्कर्ष काय? ‘मीडिया विकला गेलाय हो!’ रिमोट मात्र हातातून सुटत नाही.

तरी या अविश्वासाला आधार नाही असं म्हणायची सोय नाही. ऑक्टोबर २०२१ आठवा. मुंबईच्या क्रूझवर अमली पदार्थांच्या संशयावरून एनसीबीची धाड पडली, शाहरुख खानच्या तेवीस वर्षांच्या मुलाला अटक झाली, आणि पुढचे तीनेक आठवडे देशात दुसरं काही घडतच नव्हतं. शाहरुखच्या मन्नत बंगल्यासमोर कॅमेरे, आर्थर रोड तुरुंगासमोर कॅमेरे, मधल्या रस्त्यावर मोटारीच्या काचेला चिकटलेले कॅमेरे. मुलगा काय खातो, रात्री झोप लागते का, बाप कुठल्या मिनिटाला भेटून गेला, सगळं सांगून झालं. २८ तारखेला उच्च न्यायालयाने जामीन दिला, ३० ला तो बाहेर आला. २७ मे २०२२ ला आरोपपत्र दाखल झालं. चौदा जणांची नावं होती, त्याचं नव्हतं. पुरेसा पुरावा नाही, असं खुद्द तपास यंत्रणाच म्हणाली. त्या दिवशी किती वाहिन्यांनी तीन आठवडे तर सोडा, तीन तास दिले? मधल्या काळात बापाच्या जाहिराती थांबवून झाल्या होत्या आणि ‘संस्कार’ या विषयावर ज्यांना-ज्यांना बोलायचं होतं त्यांचं बोलून झालं होतं.

२०२१ च्या त्याच ऑक्टोबरात, २४ तारखेला, दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. लोक गोलंदाज शमीवर तुटून पडले. विराट कोहलीने शमीची बाजू घेतली, तेव्हा एका गृहस्थांनी विराटच्या नऊ महिन्यांच्या मुलीला अत्याचाराची धमकी लिहून पाठवली. मुंबई पोलिसांनी त्याला हैदराबादहून पकडून आणलं, तर निघाला कोण? चांगला शिकलेला, तेवीस वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनीअर. पुढे तक्रारदारांच्या संमतीने गुन्हा रद्दही झाला. त्याच्या वर्षभर आधी आयपीएलमध्ये चेन्नई हरली म्हणून धोनीच्या पाच वर्षांच्या मुलीबद्दल असंच लिहिणारा पकडला गेला होता, तो कच्छमधल्या मुंद्र्याचा सोळा वर्षांचा मुलगा. म्हणजे वयाची अट नाही, पदवीची अट नाही. वड्याचं तेल वांग्यावर काढायला आपल्याकडे सगळेच पात्र.

कारण वडा हाताला लागत नाही. कोहलीला शिव्या देऊन कोहलीचं काय बिघडणार? त्याची पोर मात्र पाळण्यात होती. नामवंताच्या घरी जन्मलेल्या मुलाची सर्वात मोठी सोय ही, की ते बापाइतकंच ओळखीचं असतं आणि उत्तर द्यायला बापाइतकं मोठं नसतं.

गंमत म्हणजे हे सगळं या धंद्यातल्या लोकांना कधीच कळलेलं आहे. २०११ च्या नोव्हेंबरात ऐश्वर्या राय बाळंत होणार होती, तेव्हा वृत्तवाहिन्यांच्या संपादकांच्या संघटनेने स्वतःच स्वतःसाठी नियमावली काढली: ब्रेकिंग न्यूज करायची नाही, इस्पितळासमोर थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅन लावायच्या नाहीत, ज्योतिषी बसवायचे नाहीत. एका बाळाच्या जन्मासाठी देशातल्या संपादकांना आचारसंहिता लिहावी लागली, यातच सगळं आलं. पण चला, लिहिली तरी. ते बाळ अकरा वर्षांचं झालं तेव्हा यूट्यूबवर तिच्या गंभीर आजाराचे, अगदी मरणाचेही व्हिडिओ फिरत होते. २०२३ च्या एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की मूल कुणाचंही असो, नामवंताचं की साध्या माणसाचं, त्याला मान आहे. आणि ते व्हिडिओ उतरवा. धडधाकट मुलीला आपण जिवंत आहोत हे सांगायला कोर्टात जावं लागलं. संपादकांची संघटना इथे काय करणार? आता प्रत्येकाच्याच खिशात ओबी व्हॅन आहे.

पुन्हा तेंडुलकरांकडे येऊ, कारण आपल्या मराठी घरांत या विषयाचा मुख्य खटला तिथेच चालतो. नोव्हेंबर २०१३. सचिन वानखेडेवर शेवटचा सामना खेळला आणि दुसऱ्या दिवशी पत्रकारांपुढे बसला. अर्जुन तेव्हा चौदा वर्षांचा. त्याला मोकळं सोडा, त्याला खेळावर प्रेम करू द्या, असं बापाने हात जोडून सांगितलं. आणि वर एक फार चांगला मुद्दा मांडला: माझे वडील साहित्यातले, प्राध्यापक; पण हातात पेनाऐवजी बॅट का, असं मला कुणी विचारलं नाही. खरंच की! रमेश तेंडुलकर मराठीतले कवी. घर साहित्य सहवासात, जिथे जिन्यात धक्का लागला तरी लेखकाला लागायचा. त्या वसाहतीत वाढलेल्या पोराने आयुष्यात एक कविता लिहिली नाही, आणि महाराष्ट्राने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. कवीच्या मुलाकडून आपल्याला काही नको असतं, हा मराठी कवींवरचा अन्याय की त्यांच्या मुलांवरचा उपकार, हे कवींनीच ठरवावं.

सचिनची विनंती पत्रकारांनी मान डोलावून ऐकली. पुढे काय झालं ते वर आलंच आहे. २०२१ च्या आयपीएल लिलावात मुंबईने अर्जुनला मूळ किमतीला, वीस लाखांत घेतलं. देशभर ‘नेपोटिझम’चा शंखनाद. त्याच लिलावात राजस्थानने ख्रिस मॉरिसला सव्वासोळा कोटी मोजले होते. तिथे कुणाला हिशेब विचारावासा वाटला नाही. मुलाने मुंबईच्या गर्दीत जागा मिळेना म्हणून गोव्याची वाट धरली. याआधी गावसकरांचा रोहन असाच बंगालकडे गेला होता आणि भारताकडून अकरा एकदिवसीय सामने खेळला. तोही आयुष्यभर वडिलांच्या सरासरीशेजारी उभा राहिला, पण निदान तेव्हा प्रत्येक चेंडूवर मीम निघत नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये अर्जुनने गोव्याकडून पहिल्याच रणजी सामन्यात पर्वरीला शतक ठोकलं. वडिलांनीही १९८८ च्या डिसेंबरात पहिल्याच रणजी सामन्यात शतक काढलं होतं. एक दिवस कौतुक झालं. पुढच्या एप्रिलमध्ये आयपीएलच्या सामन्यात पंजाबने वानखेडेवर त्याच्या एका षटकात ३१ धावा चोपल्या आणि ते षटक मात्र आजतागायत चालू आहे.

त्याच्या बहिणीला २०२३ मध्ये जाहीर करावं लागलं की एक्सवर माझं खातंच नाही. तिच्या नावाने दुसरेच कुणी लिहीत होते आणि लोक ते तिचंच समजून पुढे पाठवत होते. दोनच महिन्यांनी खुद्द बापाचा बनावट व्हिडिओ आला, एका गेमिंग ॲपची जाहिरात करणारा, आणि त्यातही मुलीचं नाव ओढलेलं. गुन्हा नोंदला गेला. तोवर किती जणांनी ॲप उतरवून घेतलं असेल कोण जाणे. मीडियावर विश्वास नाही म्हणणारी हीच मंडळी. छापील बातमीखाली निदान कुणाचं तरी नाव असतं.

आता मला सांगा, घराणेशाहीची एवढी चीड असलेल्या या राज्यात राजकारण कसं चालतं? २०२४ ची विधानसभा घ्या. वरळीत एका बाजूला उद्धव ठाकरेंचे चिरंजीव, दुसऱ्या बाजूला मुरली देवरांचे. मतदाराला मुख्य निवड होती ती दोन मुलांतून. आजोबा मुख्यमंत्री, वडील मुख्यमंत्री, अशा घरातली मुलगी भोकरमधून आमदार झाली. लातूरमध्ये विलासरावांचे दोन मुलगे उभे होते. एक आला, एक पडला. माहीममध्ये राज ठाकरेंचा मुलगा तिसरा आला. म्हणजे वारस पडतातही, हे मान्य. पण उमेदवारी मिळताना कुणी विचारलं का, की याचा राज्य संघातला अनुभव काय? ‘साहेबांचा मुलगा आहे, शिकेल हळूहळू’ हे वाक्य आपण आमदाराबद्दल कौतुकाने म्हणतो. डावखुऱ्या गोलंदाजाला ही सवलत नाही.

फरक उघड आहे. अर्जुन वाईट गोलंदाजी करतो तेव्हा नुकसान एका खासगी संघाच्या मालकांचं होतं, आणि ते सोसायला समर्थ आहेत. साहेबांचा मुलगा वाईट कारभार करतो तेव्हा पाणी रेल्वेने येतं. पण त्याच्यावर संतापायचं तर कार्यकर्ते घरी येतात. अर्जुनवर संतापलं तर कुणीच येत नाही. आपला संताप बेभान वगैरे नाही हो, तो पत्ता बघून निघतो.

तर वाचकहो, एवढंच करा. निवडणूक आयोगाच्या प्रतिज्ञापत्रात उमेदवाराच्या नावापुढे वडिलांचं किंवा पतीचं नाव असतं. ते आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतं. पुढच्या निवडणुकीआधी आपल्या मतदारसंघातली चार-पाच वाचून काढा. मग अर्जुनच्या त्या ३१ धावांबद्दल सावकाश बोलू.