किंमत, बॅटरी वगळून

शिरूर तालुक्यातल्या रांजणगावात टाटांची विजेवरची मोटार नेक्सॉन ईव्ही बनू लागली. 2020 मध्ये ती सुमारे 14 लाखांना आली. प्रतिस्पर्ध्याने या किमतीवर नामी तोड काढली: किमतीतून बॅटरीच वगळली! एमजी कंपनीची विंडसर ईव्ही 2024 मध्ये 9.99 लाखांत, वर बॅटरीचे किलोमीटरला साडेतीन रुपये भाडे. बैलगाडी स्वस्त, बैल भाड्याने. पेट्रोलपेक्षा परवडतेच ना, असे कुणी म्हणेल. परवडते, पण त्या दराने शंभर किलोमीटरला साडेतीनशे रुपये भाडे, चार्जिंग वेगळे. त्याच वर्षी टाटांनी बॅटरी-सेल स्वस्त झाल्याचे सांगून नेक्सॉन ईव्हीची किंमत कमाल 1.2 लाखांनी उतरवली. सेल उद्या आणखी उतरले, तर भाडेही उतरेल काय? उसाचा कायदेशीर किमान दर (एफआरपी) एकरकमीच हवा म्हणणाऱ्या दौंडच्या ऊसवाल्याला तुकड्यातुकड्यांचा हिशेब शिकवायला शोरूमवाल्यांनी जरा जपूनच जावे.