पदरच्या पैशाने हद्दपारी

ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 साली गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. शिक्षा म्हणून. मी तिथे ऐन मे महिन्यात, डोंबिवलीहून, सासूबाईंसह सहकुटुंब, पदरचे पैसे मोजून गेलो.

"खोलीतून समुद्राची गाज ऐकू येते," असं लॉजच्या मालकांनी फोनवर सांगितलं होतं. ती एसीची निघाली. गार हवेचं त्याचं काही म्हणणं नव्हतं. आवाज मात्र भरतीचा.

पहिल्या दुपारी मासे. बांगड्याचं तिखलं, सुरमईची तुकडी, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. सोलकढीच्या तीन वाट्या झाल्यावर सासूबाईंनी पहिला अभिप्राय दिला, "नारळ बरा आहे." आमच्या घरात याहून मोठा पुरस्कार नाही.

तिथून तसेच जडजड पोटांनी झाडगावच्या मत्स्य संग्रहालयात गेलो. जेवल्या जेवल्या तिथे जाऊ नये. बरणीतल्या माशापुढे उभं राहून चिरंजीव ओरडले, "बाबा, हा दुपारचा!" चार माणसं आमच्याकडे वळून पाहू लागली. पुढे जिवंत माशांच्या टाक्या. लोक रंग बघत होते, सासूबाई जाडी बघत होत्या. "हा रवा लावून," एवढंच पुटपुटल्या. देवमाशाच्या भल्या थोरल्या सांगाड्यापुढे मात्र सगळे गप्प झालो. त्याही क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "केवढे हे काटे! पोरांना द्यायची सोय नाही."

संध्याकाळी मांडवी. तिथल्या किनाऱ्याला काळा समुद्र म्हणतात आणि मिऱ्याकडच्याला पांढरा. हे वाळूच्या रंगावरून आहे, हे मुलाला आधी सांगायला हवं होतं. त्याने घरून बाटली आणली होती. काळ्या समुद्राचं पाणी नेहमीच्या पाण्यासारखंच निघालं, तेव्हा त्याने फसवणुकीचा ठपका थेट माझ्यावर ठेवला. भाट्याच्या सुरूच्या बनात बर्फाचा गोळा खाऊ घातल्यावर तडजोड झाली.

आंब्याच्या गावात आंबा स्वस्त मिळतो, ही आपली भाबडी समजूत. "बरा माल वाशीला जातो, सायब," विक्रेता म्हणाला. सासूबाईंनी डझनभर हापूस देठाकडून एकेक हुंगला. भाव ऐकून मात्र माझंच नाक बंद झालं. आमच्या डोंबिवलीच्या फळवाल्याला हा भाव कळला, तर तो इथेच येऊन धंदा टाकेल.

सोमवारी थिबा पॅलेसला निघालो. रिक्षावाल्याने आम्हाला अख्खा चढ चढू दिला, भाडं घेतलं, आणि मग म्हणाला, "आज सोमवार ना. राजा भेटायचा नाय."

मंगळवारी भेटला. लाल विटांचा आणि जांभ्याचा तीन मजली वाडा, अर्धगोल कमानींच्या सागवानी खिडक्या. 1910 साली तो तयार झाला. म्हणजे हद्दपारीची 24 वर्षं राजाने दुसऱ्या बंगल्यांत काढली, तेव्हा कुठे ताबा मिळाला. डोंबिवलीकराला यात नवल वाटत नाही. नवल पुढचं आहे. त्याच सुमारास, 1908 ते 1914, रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. इंग्रजांच्या हिशेबात बहुधा बदल्यांचं एकच रजिस्टर होतं. टिळकांनी तिकडे गीतारहस्य लिहिलं. मी चार दिवसांत हॉटेलचं मेनूकार्ड वाचलं, तेही भाव वगळून.

या वाड्यातून राजा समुद्रावरची जहाजं न्याहाळायचा, असं सांगतात. मी सज्जाखाली उभा राहून मोबाइलवर पीएनआर न्याहाळला. परतीची तिकिटं वेटिंग 27 वरून सरकून 24 वर आली होती. चार दिवसांत तीन आकडे.

"राजा परत कधी गेला?" मुलाने विचारलं.

"गेलाच नाही. 1916 साली इथेच वारला. समाधीही इथेच आहे."

मुलगा माझ्या मोबाइलकडे बघत राहिला. "त्याचं पण वेटिंगच होतं?"

बायकोने कपाळाला हात लावला. सासूबाईंचा चेहरा मात्र उजळला.

"मग उद्या मोरीचं मटण खाऊ," त्या म्हणाल्या.